गुरुजींनी खातं उघडलं

एकदा एक शिष्य मोठी लढाई जिंकून आल्याच्या थाटात आपल्या गुरूंच्या अंगणात शिरला. रविवारची सकाळ होती. हिरण्यकेशीच्या काठच्या एका छोट्या गावात गुरुजींचे कौलारू घर होते आणि अंगणातल्या फणसाच्या सावलीत ते सुपारी कातरत बसले होते. आयुष्यभर त्यांनी तालुक्याच्या शाळेत संस्कृत शिकवले होते. निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी त्यांच्याकडे येत. कोणी श्लोकाचा अर्थ विचारायला, तर कोणी घरातले भांडण सांगायला. गुरुजी दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षाने ऐकत.

शिष्याचे नाव अच्युत शिंत्रे. वय चाळिशीच्या आसपास. तो गडहिंग्लजकडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवी. पण पंचक्रोशीत त्याची ओळख भूगोलामुळे नव्हती. रोज सकाळी तो एक ऐसपैस मजकूर लिहून समाजमाध्यमावर टाकत असे. कधी नदीवर, कधी शिक्षणावर, बहुतेक वेळा माणुसकीवर. हजारो लोक ते वाचत. एसटी स्टँडवर अनोळखी माणसे त्याला थांबवून म्हणत, “सर, आजचं फार भिडलं.”

“गुरुजी, मी सगळं सोडलं,” बसण्याआधीच अच्युत म्हणाला.

गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला. “काय सोडलंस? नोकरी?”

“नाही हो. समाजमाध्यमं. सगळी खाती बंद केली, ग्रुपांतून बाहेर पडलो. फोनचा नंबरसुद्धा बदलला. आता फार शांत वाटतं.”

सोडण्याला कारण तसेच घडले होते. महाविद्यालयाचे ग्रंथपाल हुक्केरी सर निवृत्त झाले, त्या दिवशी अच्युतने त्यांच्यावर अतिशय सुंदर मजकूर लिहिला. लोकांचे डोळे पाणावले. प्राध्यापकांच्या खोलीत बसून तो एकेका प्रतिक्रियेला आभाराचे उत्तर देत राहिला. त्याने मान वर केली तेव्हा शेजारच्या सभागृहातून खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता. निरोप समारंभ आटोपला होता. हुक्केरी सर शाल आणि नारळ सांभाळत फाटकाबाहेर रिक्षात बसत होते. अच्युत धावत गेला, पण रिक्षा वळली. त्या दिवशी त्याला स्वतःची शिसारी आली आणि आठवड्याभरात त्याने सगळे बंद केले.

हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. गुरुजी मान हलवत म्हणाले, “शिसारी आली ते बरं झालं. पुष्कळांना तीही येत नाही.”

“म्हणूनच विचारायचं होतं, गुरुजी. मी याच्याशिवाय जगू शकलो, मग बाकीची माणसं का नाही जगू शकणार? तुम्हाला काय वाटतं?”

गुरुजींनी उलट विचारले, “निघताना कोणाला सांगितलंस का?”

“हो. निरोपाचा एक मजकूर लिहून सगळ्या ग्रुपांवर टाकला. ‘शांततेकडे चाललो आहे’ असा. न सांगता जाणं बरं दिसलं नसतं.”

“लोक काय म्हणाले मग?”

“फार हळहळले. पुष्कळांनी तर लिहिलं की असा निर्णय घ्यायला धैर्य लागतं...”

“खातं बंद केल्यावर हे तुला कसं कळलं?”

फणसाच्या खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडे बघत अच्युत पुटपुटला, “बायकोच्या फोनवर पाहिलं.”

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. अच्युतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्या हसण्यात टोचणी नव्हती, म्हणून थोड्या वेळाने तोही हसला.

“खरं सांगितलंस, हे मला आवडलं,” डोळे पुसत गुरुजी म्हणाले. “आता माझं एक काम कर. आत फडताळात माझ्या मुलाने पाठवलेला फोन आहे, तो घेऊन ये. आणि मला खातं उघडून दे.”

“कसलं खातं?”

“तू बंद केलंस तसलं.”

अच्युतला वाटले, गुरुजी थट्टा करत आहेत. ते थट्टा करत नव्हते. वयाच्या ऐंशीच्या घरात पोचलेला, पहाटे उठून जप करणारा हा निरिच्छ माणूस, आणि आपण ज्या चिखलातून नुकतेच बाहेर पडलो त्यात तो उतरायला निघालेला! त्याने परोपरीने समजावले. “गुरुजी, याची सवय लागते. माणूस त्यातून उठत नाही. तुमचं मन किती स्वच्छ आहे...”

“माझ्या मनाची काळजी मी करीन,” गुरुजी म्हणाले. “तू फोटो नीट काढ. टोपी घालू का?”

नाइलाजाने अच्युतने खाते उघडून दिले. टोपी घातलेला फोटो लावला. घरी जाताना त्याचे मन खट्टू झाले होते. ज्यांच्याकडून शाबासकीची अपेक्षा केली, त्यांनी आपले व्रत जणू उलटे टांगून ठेवले, असे त्याला वाटत राहिले.

पुढच्या रविवारी तो मुद्दाम लवकर गेला. गुरुजी ओसरीवर चहा पीत होते. एका हातात बशी, दुसऱ्या हातात भिंग, आणि भिंगाखाली फोन. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे खात्यावर माणसांची रीघ लागली होती. अच्युतने मनात म्हटले, संपलं. पण चहा संपला तसा गुरुजींनी फोन फडताळात ठेवला, काठी घेतली आणि चपला पायांत सरकवल्या.

“चल. फर्नांडिस बाईंकडे जायचंय.”

“कशाला?”

“त्यांनी आज पास्कूचा फोटो टाकलाय. सायकलवरचा.”

रोझलिन फर्नांडिस या ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. पास्कू त्यांचे यजमान, वारून बराच काळ लोटला होता. बाई रोज त्यांचा एक जुना फोटो समाजमाध्यमावर टाकत आणि खाली एखादी ओळ लिहीत. अच्युतला ते माहीत होते. खाते होते तोवर तो न चुकता त्या फोटोखाली बदामाचे लाल चिन्ह टाकत असे आणि पुढे सरकत असे.

देवळामागच्या गल्लीच्या टोकाला बाईंचे घर. दार उघडून त्या क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांनी घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. गुरुजी म्हणाले, “बाई, ती सायकल पास्कूने कोणाकडून घेतली होती? मला आठवेना, म्हणून आलो.”

एवढेच निमित्त. बाई बोलू लागल्या. सायकल, तिचा दिवा, त्या सायकलवरून रात्रपाळीला पोचवणारा नवरा, त्याचे चिडणे, त्याची माशाची आमटी. बोलता बोलता त्या हसल्या, मध्येच पदराने डोळे टिपले, पुन्हा हसल्या. अच्युतला वाटत होते, या फोटोंतला माणूस आपल्याला ठाऊक आहे. प्रत्यक्षात त्याला पास्कूचा आवाज जाड होता की बारीक, हेसुद्धा ठाऊक नव्हते.

निघताना बाई त्याला म्हणाल्या, “सर, तुमचा बदाम रोज यायचा. मग एकाएकी बंद झाला. मला वाटलं, तुम्ही आजारी पडलात की काय. कोणाला विचारणार? मी आपली प्रार्थना करत होते.”

ज्या बदामाला अच्युत स्वतः कवडीची किंमत देत नव्हता, त्याची कोणीतरी वाट पाहत होते. आणि वाट पाहणाऱ्या बाईंच्या दारात तो आज पहिल्यांदा उभा होता. परतताना सारा रस्ता तो गुरुजींच्या एक पाऊल मागे चालला.

असे काही रविवार गेले. गुरुजींचा क्रम ठरलेला: चहा होईपर्यंत फोन, मग काठी. कोणाच्या म्हशीला रेडकू झालेले असे, कोणी गिरणी घातलेली असे, कोणाच्या मुलीला नोकरी लागलेली असे. गुरुजी कधी कोणत्या चिन्हाला बोट लावत नसत. ते सरळ जाऊन दारात उभे राहत. सगळीकडेच स्वागत होई असे नाही. एका घरी माणसे मालिका बघत होती. त्यांनी टीव्ही बंद केला नाही आणि गुरुजी पाणी पिऊन परतले. त्याचे त्यांना काही वाटले नाही. “त्यांच्या मालिकेत आज लग्न होतं,” एवढेच ते म्हणाले.

मग एका सकाळी त्यांनी भिंग बाजूला केले आणि फोन अच्युतपुढे धरला. “हा इलियास. तुझ्या वर्गातला ना?”

इलियास मुल्लाने लिहिले होते: ‘अम्माला परवा दवाखान्यातून घरी आणलं. निपाणीहून रक्त द्यायला आलेल्या त्या दोन पोरांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. अल्ला त्यांना सुखात ठेवो.’

अच्युतने ते वाचले आणि तो ओसरीच्या कडेवर बसला. महाविद्यालयात शिकत असताना तो आणि इलियास एकाच खोलीत राहिले होते. दर सोमवारी इलियास नेसरीहून येताना दोन डबे आणी. दुसरा डबा अच्युतचा. त्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कधीमधी घरच्या कोंबडीची अंडी उकडून. अच्युतची आई तो लहान असतानाच गेली होती. नेसरीच्या त्या घरी तो सुट्टीत आठ-आठ दिवस राहायचा आणि अम्मा त्याला हक्काने विहिरीवरून पाणी आणायला लावायची.

“मला कळवलं नाही त्याने,” अच्युत म्हणाला.

“कुठे कळवणार?” गुरुजींनी विचारले.

अच्युत उठला. गुरुजींनी काठी घेतली नाही. “या दारात तू एकट्यानेच जायला हवं,” ते म्हणाले.

नेसरीला इलियासचे वेल्डिंगचे दुकान आणि त्यामागे घर. अच्युत पोचला तेव्हा इलियास एका लोखंडी फाटकाला रंग देत होता. त्याने वर पाहिले, ब्रश डब्यात ठेवला, पण उठला नाही.

“आलास?”

“इलियास, मला माहीत नव्हतं रे. आजच कळलं.”

“तुला कसं कळणार? फोन लावला तर नंबर बंद. ग्रुपवर बघितलं तर तू न्हाईस. शेवटचं तुझं लिहिलेलं वाचलं, ‘शांततेकडे चाललो आहे’.” इलियासने हात चिंधीला पुसले. “म्हटलं, असंल शांततेत. कशाला त्रास द्या? इकडं अम्माचं ऑपरेशन झालं, रक्त थांबंना. मी त्या फोनवर लिहिलं आणि कोण कुठली पोरं मोटारसायकलवरनं भिजत आली. आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून तुझी वाट बघतोय! येडाच की मी.”

अच्युतच्या मनात सबब तयार होती: मी खाते बंद केले त्यामागचा हेतू चांगला होता. ती ओठांवर येईपर्यंत त्याला दुसरे काही आठवले. खाते चालू होते तेव्हा तरी तो या घरी कधी आला होता? इलियासच्या मुलीच्या बारशाला त्याने फुलांचे चित्र पाठवले होते. ईदला चंद्राचे. मुलगी आता दुकानाच्या दारात वही-पुस्तक घेऊन उभी होती आणि हा माणूस कोण, अशा नजरेने त्याच्याकडे पाहत होती.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आत्ताचंच नव्हे. बऱ्याच वर्षांचं चुकलं.”

तेवढ्यात आतून क्षीण पण खणखणीत सुरात हाक आली, “कोण आलंय रं?”

“अच्युत आलाय, अम्मा.”

“जित्ता हाय व्हय त्यो? मला वाटलं, माझ्या आधी त्योच गेला!”

अच्युत आत गेला. बाजेवर अम्मा एवढीशी होऊन पडली होती; हाताच्या शिरा निळ्या दिसत होत्या, पण डोळे तेच होते, पाणी भरायला पाठवणारे. तो तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. अम्माने त्याला पोटभर रडू दिले. मग म्हणाली, “झालं? आता ऊठ. ह्या अंधारात पडून माझं अंग आंबलंय. मला भाईर उन्हात न्या. ह्यो एकटा उचलतोय, बाज तिरकी करतोय.”

इलियास दारात येऊन उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“तू पायाकडनं धर,” इलियास म्हणाला. “हळू. चौकट हाय. डावीकडं घे... अजून थोडं.”

चौकटीतून बाज बाहेर काढताना दोघांनाही वाकावे लागले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. “अजून तसाच धांदरट हाईस,” इलियास म्हणाला. त्याच्या आवाजातली गाठ त्या वाक्यात सैल झाली. परसात कोवळे ऊन होते. अम्माने डोळे मिटून घेतले आणि अच्युत दुपारपर्यंत तिथे बसला. मधे एकदा इलियासच्या मुलीने येऊन त्याला भूगोलातला एक प्रश्न विचारला, तेवढेच.

संध्याकाळी तो गुरुजींकडे परतला. ते तुळशीला पाणी घालत होते. त्याने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मला खातं का उघडायला लावलंत, ते आता थोडं थोडं कळतंय. पण तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

गुरुजी कट्ट्यावर टेकले.

“तू विचारलं होतंस, माणसं याच्याशिवाय जगू शकतील का. अरे, खुशाल जगतील. माझी उभी हयात तशीच गेली. पण तेव्हा सगळी माणसं एकमेकांना धरून होती, असं समजू नकोस. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत वर्षानुवर्षं अबोला पाहिलाय मी, आणि तेव्हा कोणाच्या हातात फोन नव्हता. माणसावाचून मात्र माणसाला जगता येत नाही, हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. हे यंत्र दुसऱ्याची हाक आपल्या कानापर्यंत आणून सोडतं. तिथे त्याचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. तू आधी हाक ऐकून जागेवरूनच ओ देत होतास. त्याचा तुला वीट आला, तो योग्यच होता. पण मग तू कानच झाकून घेतलेस आणि त्यालाच शांतता म्हणालास. दोन्ही वेळा तुझे पाय जागचे हलले नाहीत. मला तुझे पाय हलवायचे होते.”

अच्युतने विचारले, “मग मी खातं पुन्हा उघडू की नको?”

“ते तू ठरव. ते तसं फार महत्त्वाचं नाही,” गुरुजी गुडघा चोळत म्हणाले. “मी माझं ठेवणार आहे. मला आता लांब चालवत नाही; कुठे जायचं ते आधी कळलेलं बरं.”

अच्युतने नवा नंबर इलियासला दिला आणि जुन्या मित्रांच्या ग्रुपात परत गेला. या वेळी कोणताही जाहीर मजकूर न लिहिता. रोजचे लिहिणे त्याने सुरू केले नाही. कधी कधी बोट सवयीने सरकत राही, अर्धा तास कुठे गेला ते कळत नसे, आणि मग तो स्वतःवर चिडे. पण ग्रुपात कोणाचे काही कानावर आले की तो उठून जाऊ लागला. दोन-तीनदा त्याच्याबरोबर आणखी कोणी आले. एकदा तर चौघे जुने मित्र एका आजारी मित्राच्या घरी अचानक पोचले आणि त्या घरात कप कमी पडले.

पुढच्या एका रविवारी तो नेहमीप्रमाणे गुरुजींकडे जायला निघाला. स्टँडवर नेसरीची गाडी लागली होती. त्याने क्षणभर विचार केला आणि तो नेसरीच्या गाडीत चढला.

दुकान बंद होते. परसात अम्मा बाजेवर टेकून बसली होती आणि इलियास तिची नखे कापत होता. अच्युतला पाहून तो दचकला. “काय रं? काय झालं? कोण काय बोललं का?”

“काही नाही झालं.”

“मग? फोन न्हाई, निरोप न्हाई...”

“असाच आलो,” अच्युत म्हणाला.

अम्मा उन्हात डोळे किलकिले करून अच्युतकडे बघत राहिली.

“असाच येणारा माणूस लई दिसांनी बघितला,” ती म्हणाली, आणि बाजेवर थोडी सरकून तिने त्याला बसायला जागा केली.